ध्यान एकट्याचं नसतं

अक्कलकोट म्हटलं की वटवृक्ष, स्वामी समर्थ आणि अन्नछत्र. त्यामुळे इथल्या कॉलेजातला मुलगा 'विपश्यनेला जातो' म्हणाला, की घरचे विचारतात, "आपल्या भागाचा नि बुद्धाचा काय संबंध?" संबंध जुना आहे. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरची भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीपाशी जाते. तिथे अशोकाचे शिलालेख सापडले, आणि जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपात त्याचं नाव कोरलेलं शिल्प.

दुसरी भीती धर्म बदलण्याची. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून विपश्यनेची ही ध्यानसाधना घेऊन भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून शिबिरं होतात. तिथे सगळ्या धर्मांची माणसं बसतात. दहा दिवस आपली पूजा, जप बाजूला ठेवावा लागतो, धर्म सोडावा लागत नाही. शुल्कही नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर पुढच्यांचं जेवण-राहणं चालतं. अन्नछत्रात पंगतीला बसलेल्या अक्कलकोटकराला हे वेगळं समजवायला नको.

'मन कोरं करायचं असतं' हाही गैरसमजच. आनापान म्हणजे श्वासावरचं ध्यान; त्यात येणारा-जाणारा श्वास जाणायचा; मन भटकलं की परत आणायचं. भटकणारच.

मला सर्वांत जास्त खटकतो तो समज म्हणजे ध्यानाला लागलेलं पोरगं मित्रांतून उठतं. सारनाथच्या पहिल्या पाच भिक्खूंनंतर बुद्धांकडे आला तो यश, वाराणसीच्या श्रीमंत घरातला तरुण. त्याच्या पाठोपाठ चार मित्र आले, मग आणखी पन्नास. संघ वाढला तो असा, मैत्रीच्या ओढीनं. हे तरुण भिक्खू झाले हे खरं, पण यशाचे आईवडील आणि पत्नी घरी राहूनच उपासक झाले. पुढे बुद्धांचा शिष्य आनंद एकदा म्हणाला की चांगल्या मित्रांची साथ म्हणजे अर्धी साधना. बुद्धांनी त्याला दुरुस्त केलं: अर्धी नव्हे, सगळी. पालीतला 'कल्याणमित्त' तो हाच. हॉस्टेलच्या खोलीत पहाटे चौघं दहा मिनिटं श्वासावर बसली, रविवारी विहारात वंदनेला गेली, परीक्षेत एकमेकांना सांभाळलं, की संघ सुरू झाला.

आंबेडकरी चळवळीतली मुलं उलट बाजूनं विचारतात, "बाबासाहेबांना ध्यानाचं काय?" त्यांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. औरंगाबादच्या कॉलेजला पुढे नाव मिळालं मिलिंद, भिक्खू नागसेनाला प्रश्नांनी भंडावणाऱ्या राजाचं. विचारणं त्यांना हवंच होतं. पण १९५७ साली निघालेल्या त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सिद्धार्थ चार आठवडे ध्यानाला बसतो, तो जगातल्या दुःखावर उत्तर शोधण्यासाठी. तिथे ध्यान आणि समाजाची चिंता वेगळी निघत नाही.

शेवटचा समज खरोखर धोक्याचा आहे: नैराश्य आलंय ना, मग शिबिराला पाठवा. शिबिर म्हणजे उपचार नव्हे. प्रवेश अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नये. डॉक्टरांची गोळी मनानं बंद करू नये. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर, किंवा सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक. आणि हा फोन लावायला हात उचलत नसेल, तर शेजारी बसून तो लावून देणं हे कल्याणमित्राचं काम.