लूव्र : छोट्या गटातून पाहताना

आधी हे माहीत हवं

• पॅरिसमधला मूळ किल्ला १२व्या शतकाच्या अखेरचा, पुढे राजवाडा. १० ऑगस्ट १७९३ पासून संग्रहालय. काचेचा पिरॅमिड १९८९चा, वास्तुकार आय. एम. पेई.

• तीन विंग : देनाँ, स्युली, रिशेल्यू. मांडलेल्या कलाकृती सुमारे ३५ हजार, त्यामुळे दोन-तीन तासांच्या फेरीत मोजक्याच बघून होतात. मंगळवारी बंद.

• गटाची वेळ आधी आरक्षित करावी लागते. गाइड हळू आवाजात मायक्रोफोनवर बोलतो, बाकीचे हेडफोनवर ऐकतात. ऑडिओ गाइड वेगळा : त्यात आवाज ध्वनिमुद्रित, प्रश्न विचारता येत नाहीत.

• 'मोनालिसा' : ७७ × ५३ सेंमी, पॉपलरच्या फळीवर तैलरंग. १९११मध्ये चोरीला गेली, १९१३मध्ये इटलीत सापडली. आता काचेमागे, कठड्यापलीकडे.

• तिच्या समोरच्या भिंतीवर व्हेरोनेजेचं 'काना येथील विवाह', सुमारे १० मीटर रुंद. १७९७मध्ये नेपोलियनच्या सैन्याने व्हेनिसच्या मठातून आणलं. गर्दीची पाठ याच्याकडे असते. वळून जरूर पाहावं. मेजवानीच्या मध्यभागी येशू, पुढे वादक.

• पंख असलेली, शिर नसलेली 'सामोथ्रेसची विजयदेवता' 'दारू' नावाच्या जिन्याच्या माथ्यावर. 'व्हीनस द मिलो' १८२०मध्ये मिलोस बेटावर सापडली. हम्मुराबीची संहिता कोरलेला काळा दगड रिशेल्यू विंगमध्ये.

• मोने आणि व्हॅन गॉग यांची गाजलेली चित्रं पाहायची असतील तर सीन नदीपलीकडचं ओर्से संग्रहालय. तिथला संग्रह मुख्यतः १८४८ ते १९१४ या काळातला.

• फ्लॅश आणि सेल्फी स्टिकला मनाई.