आपत्त्युत्तर मानसिक आरोग्य व रुग्णालयोत्तर पुनर्वसन

भूकंप, पूर, चक्रीवादळ, त्सुनामी, दरड कोसळणे यांसारख्या नैसर्गिक आपत्तींनंतर आपद्‌ग्रस्तांच्या मनःस्थितीत होणारे बदल, त्यांतून सावरण्याची प्रक्रिया व तीस साहाय्यभूत होणारे उपाय यांचा विचार आपत्त्युत्तर मानसिक आरोग्य या विषयात होतो. मनोरुग्णालयातून घरी परतलेल्या व्यक्तीचे पुनर्वसन हा वस्तुतः मानसचिकित्सेचा स्वतंत्र विषय होय. तथापि या दोहोंत एक महत्त्वाचे साम्य आहे. तीव्र अवस्थेत मदतीचा ओघ मोठा असतो. छावणी उठली किंवा रुग्णालयाचा दरवाजा ओलांडला, की तो एकाएकी आटतो आणि जोखमीचा दीर्घ काळ तेथूनच सुरू होतो. शिवाय नुकत्याच बऱ्या झालेल्या रुग्णास जे आधार लागतात, ते म्हणजे घर, नियमित औषध, ओळखीचा डॉक्टर व शेजार. आपत्तीत नेमके तेच प्रथम कोसळतात. या कारणांमुळे दोन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार उपयुक्त ठरतो.

मानसिक प्रतिक्रिया : आपत्तीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत भीती, बधिरता, निद्रानाश, दचकून जागे होणे, मृतांचा सतत शोध घेणे, आपण वाचलो याबद्दल अपराधी वाटणे इ. लक्षणे बहुसंख्य लोकांत दिसतात. ती अस्वाभाविक परिस्थितीची स्वाभाविक प्रतिक्रिया असल्याने त्यांस विकार म्हणत नाहीत. बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत ओसरतात. काहींच्या बाबतीत मात्र ती टिकून राहतात व अवसाद, चिंताविकार, मद्यासक्ती किंवा आघातोत्तर ताणविकार यांचे रूप धारण करतात. आघातोत्तर ताणविकारात घटनेची दृश्ये अनाहूतपणे पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येतात, तिची आठवण देणारी स्थळे टाळली जातात आणि शरीर सदैव सावध राहते. अमेरिकन मनोविकारचिकित्सा संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत या विकारास प्रथम स्वतंत्र स्थान दिले. ग्रामीण भारतात मनाचे दुःख पुष्कळदा शरीराच्या भाषेत व्यक्त होते. छातीत धडधड, अंगदुखी, अशक्तपणा, भूक न लागणे अशा तक्रारी घेऊन लोक डॉक्टरांकडे जातात आणि मूळ कारण नजरेआड राहते.

घटना जुनी झाली तरी ताणाची नवी कारणे निर्माण होत राहतात. पंचनामे, नुकसानभरपाईची प्रतीक्षा, पत्र्याच्या शेडमधील वास्तव्य, बुडालेला रोजगार व कर्ज यांचा भार कित्येकदा मूळ आघाताहून अधिक काळ टिकतो.

स्थितिस्थापकता : ताण दूर होताच पदार्थ मूळ आकार धारण करतो, या भौतिकीतील गुणधर्मावरून संकटातून सावरण्याच्या मानवी क्षमतेस मानसिक स्थितिस्थापकता असे म्हटले जाते. जॉर्ज बोनॅनो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये असे प्रतिपादन केले, की प्रियजनवियोग वा भीषण प्रसंग यांनंतरही आपले दैनंदिन जीवन बऱ्याच अंशी सुरळीत राखणारे लोक अपवादात्मक नसून पुष्कळ असतात. यामुळे प्रत्येक आपद्‌ग्रस्त हा भावी रुग्ण होय, हा समज मागे पडला. मात्र भौतिकीतील उपमेस मर्यादा आहे. पोलादी कमान स्वतःच्या गुणधर्माने पूर्ववत होते. मनुष्याचे सावरणे त्याच्या भोवतीच्या माणसांवर, मिळकतीवर व स्वतःच्या आयुष्याविषयी निर्णय घेण्याच्या संधीवर अवलंबून असते. स्थितिस्थापकता हा केवळ स्वभावधर्म मानला, तर न सावरलेल्या व्यक्तीवर दुबळेपणाचा दोष येतो व तिच्या आधारांची डागडुजी करण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळशाच्या खाणीतील गाळाचा बांध फुटून बफेलो क्रीक या खोऱ्यात १२५ माणसे मरण पावली. ही आपत्ती मानवनिर्मित असली, तरी तिच्या अभ्यासाने पुढील विचारास दिशा दिली. काई एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की व्यक्तीच्या मनावरील आघाताबरोबरच समूहाचे परस्परबंध तुटणे हाही एक स्वतंत्र आघात असतो. वाचलेल्या कुटुंबांना जुना शेजार न पाहता तात्पुरत्या निवाऱ्यांत विखरून ठेवण्यात आले, त्यामुळे त्यांचा एकाकीपणा वाढला. जपानमधील कोबे परिसरातील भूकंपानंतर (१७ जानेवारी १९९५) वृद्धांना तात्पुरत्या घरांच्या वाटपात अग्रक्रम मिळाला. परंतु त्यांची जुनी वस्ती विखुरली व या घरांत एकट्याने राहणाऱ्यांचे मृत्यू दिवसेंदिवस कोणाच्या लक्षात न आल्याच्या घटना घडल्या. याच्या उलट अनुभव इवानुमा या शहरात आला. २०११ च्या त्सुनामीपूर्वी सु. सात महिने तेथील वृद्धांची पाहणी झालेली असल्याने आधीच्या व नंतरच्या स्थितीची तुलना शक्य झाली. सोडत पद्धतीने एकेकटे स्थलांतरित झालेल्यांचा सामाजिक संपर्क घटला, तर वस्तीसह एकत्र स्थलांतरित झालेल्यांचा वाढला, असे आढळले.

किल्लारीचा अनुभव : महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ४ वाजण्याच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव) जिल्ह्यांत सु. ६·२ महत्तेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणेशविसर्जन करून लोक झोपी गेले होते. दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड धाबी कोसळून सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. धारण केलेल्या जमिनीच्या प्रमाणानुसार २५०, ४०० व ७५० चौ. फुटांची घरे देण्यात आली. घरे पक्की व भूकंपरोधक झाली. परंतु आखीव रस्त्यांच्या प्रशस्त वसाहतींत जुन्या गल्ल्या, भावकीचे वाडे, पार व ओटे उरले नाहीत. भिंतीपलीकडून हाक मारली की येणारा शेजार दूर गेला. विधवा व एकाकी वृद्ध यांना हा बदल विशेष जाणवणे साहजिक होते.

इतर असंख्य गावांत घरे पाडून स्थलांतर करण्याऐवजी कुटुंबांनी स्वतःच दुरुस्ती व बळकटीकरण करावे, अशी योजना होती. तीत गावोगावच्या महिलामंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना संघटित केले. बांधकामाची माहिती देणे, अनुदानाच्या हप्त्यांबाबत कुटुंबांना साहाय्य करणे व अभियंत्यांशी बोलणी करणे ही कामे या स्त्रियांनी केली. हा कार्यक्रम मानसोपचाराचा नव्हता. तथापि दुःखितास केवळ मदत घेणारा न ठेवता कर्त्याची भूमिका देणे हा सावरण्याचा एक प्रभावी मार्ग होय, याचे हे ठळक उदाहरण आहे.

रुग्णालयातून मुक्तता : मनोरुग्णालयातून मुक्त झालेला रुग्ण बरा होऊन परततो, परंतु परततो त्याच परिस्थितीत. रुग्णालयात जेवण, झोप व औषध यांच्या वेळा इतर कोणी तरी सांभाळलेल्या असतात. घरी ती शिस्त त्याची त्यालाच राखावी लागते. नोकरी गेलेली असते, विवाहसंबंध ताणलेले असतात व लोकांच्या नजरा बदललेल्या असतात. याच काळात औषध बंद होण्याचा व विकाराच्या पुनरावर्तनाचा संभव अधिक असतो. आत्महत्येचा धोकाही मुक्ततेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. अनेक देशांतील अभ्यासांचे २०१७ मध्ये जे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात या तीन महिन्यांतील प्रमाण दर लक्ष व्यक्तिवर्षांस १,१३२ इतके आढळले. मुक्ततेनंतरच्या एकूण काळासाठी ते ४८४ होते. मुक्ततेचा दिवस हा उपचाराचा शेवट नसून एका नाजूक टप्प्याचा आरंभ होय, हे यावरून स्पष्ट होते.

हा धोका कमी करण्यास नेहमीच खर्चिक साधने लागतात असे नाही. जेरोम मोटो या अमेरिकन मनोविकारतज्ञाने सॅन फ्रॅन्सिस्को येथे केलेला प्रयोग या दृष्टीने प्रसिद्ध आहे. रुग्णालयातून गेल्यावर पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ व्यक्तींपैकी सु. निम्म्यांना पाच वर्षे अधूनमधून लहानशी पत्रे पाठविण्यात आली. पत्रांत कसलीही अपेक्षा वा सूचना नसे. केवळ आस्थेने विचारपूस असे. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्येचे प्रमाण कमी आढळले. कोणी तरी आपली आठवण ठेवली आहे, एवढा धागाही काही जणांना तारून नेतो.

आपत्ती व पूर्वीचे मनोरुग्ण : आपत्तीच्या वेळी सर्वांचे लक्ष नव्याने आघात झालेल्यांकडे वेधले जाते व पूर्वीपासून छिन्नमानस किंवा उद्दीपन-अवसाद यांसारखे तीव्र विकार असणारे मागे पडतात. त्यांच्या अडचणी विशिष्ट असतात. पुरात कागदपत्रे व गोळ्या वाहून जातात; छावणीतील डॉक्टरला जुनी औषधयोजना ठाऊक नसते. छिन्नमानसावरील औषधे थांबल्यास पुनरावर्तनाची शक्यता वाढते. शामक गोळ्या एकदम बंद झाल्यास झटके येऊ शकतात. मद्य एकाएकी तुटल्यासही तसेच घडते. लिथियम घेणाऱ्या रुग्णास अतिसार वा निर्जलीकरण झाले, तर रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढून विषबाधा होते. दूषित पाण्याने अतिसार पसरणाऱ्या पूरग्रस्त भागात हा धोका लक्षात ठेवणे आवश्यक असते. औषधांची नावे व मात्रा लिहिलेला कागद जलाभेद्य पिशवीत जवळ बाळगणे, काही दिवसांचा औषधसाठा ठेवणे व घरातील एका व्यक्तीस ही माहिती असणे हे साधे उपाय म्हणूनच महत्त्वाचे ठरतात.

कॅटरिना या चक्रीवादळानंतर (ऑगस्ट २००५) अमेरिकेत झालेल्या पाहणीत, आधीपासून मनोविकार असलेल्या व त्यासाठी सेवा घेत असलेल्या व्यक्तींपैकी सु. २३ टक्के लोकांचे उपचार घटल्याचे किंवा बंद पडल्याचे आढळले. न्यू ऑर्लीन्समधील गोरगरिबांचा आधार असलेले चॅरिटी हॉस्पिटल वादळानंतर पुन्हा उघडलेच नाही.

जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी भूकंप, त्सुनामी व फुकुशिमा अणुकेंद्रातील दुर्घटना या संकटमालिकेत केंद्राभोवतीचा २० किमी. परिसर रिकामा करण्यात आला. तेथील मनोरुग्णालयांतील रुग्णांना घाईने हलवावे लागले. एक रुग्णालय व त्यास संलग्न वृद्धनिवास येथील चाळीसहून अधिक लोक या दीर्घ व अव्यवस्थित स्थलांतरात किंवा त्यानंतर दगावले. याच घटनेची दुसरी बाजूही उल्लेखनीय आहे. अन्यत्र पाठविलेल्या रुग्णांची नव्याने तपासणी झाली, तेव्हा दशकानुदशके रुग्णालयात राहिलेल्यांपैकी काही जण बाहेर राहू शकतील असे दिसून आले व ते समाजात परतले. सोमा या भागात रुग्णालयीन खाटा न उरल्याने बाह्यरुग्ण चिकित्सालय व घरोघरी भेटी देणारी पथके यांवर भर देण्यात आला. ज्यांना आजाराने नव्हे, तर बाहेर आधार नसल्याने आत राहावे लागले होते, त्यांची स्थिती या दुर्घटनेमुळे उघड झाली.

साहाय्याचे स्वरूप : संयुक्त राष्ट्रांच्या आंतर-अभिकरण स्थायी समितीने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत साहाय्याची चार स्तरांची रचना सुचविली आहे. अन्न, पाणी, निवारा व सुरक्षितता यांची सन्मानपूर्वक तरतूद हा सर्वांत रुंद पाया होय. त्यावर कुटुंब व समाज यांचे बंध सांधणे, त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांचे वैयक्तिक साहाय्य व शिखरावर तज्ञांचे उपचार येतात. तज्ञांची गरज थोड्यांना असते. परंतु ज्यांना असते, त्यांना ती तातडीची असते. मानसिक प्रथमोपचारात आपद्‌ग्रस्ताच्या निकडीच्या गरजा पाहणे, त्याचे म्हणणे ऐकणे व त्यास योग्य माणसांशी व सेवांशी जोडून देणे अभिप्रेत असते. घडलेला प्रसंग तपशीलवार सांगण्याचा आग्रह धरू नये. अशा एकाच बैठकीने पुढील विकार टळत नाहीत, असे संशोधनात दिसून आले आहे. अंत्यविधी, दिवसकार्य, मुलांची शाळा व शेतीची कामे लवकर सुरू होणे यांतून आयुष्याची विस्कटलेली लय परत येते.

सेवांची पुनर्रचना : आपत्तीनंतर येणारा निधी व लोकांचे लक्ष यांचा उपयोग करून काही देशांनी कायमस्वरूपी सेवा उभारल्या. इंडोनेशियातील आचे प्रांतात २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीपूर्वी मानसिक आरोग्यसेवा एकाच मनोरुग्णालयापुरती मर्यादित होती; नंतरच्या काही वर्षांत ती प्राथमिक आरोग्य केंद्रे व जिल्हा रुग्णालये यांतून उपलब्ध झाली. श्रीलंकेतही त्सुनामीनंतर २००५ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरण स्वीकारण्यात आले व सेवा अनेक जिल्ह्यांत पोचल्या.

भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये आपत्तीतील मनोसामाजिक साहाय्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमातील कलम १९ अन्वये मनोरुग्णास समाजात राहण्याचा हक्क मिळाला असून केवळ कुटुंब नाही, कुटुंबाने स्वीकारले नाही किंवा बाहेर सोय नाही, या कारणास्तव त्यास रुग्णालयात ठेवता येत नाही. कलम ९८ नुसार मुक्ततेपूर्वी रुग्ण व त्याचे निकटवर्ती यांच्याशी विचारविनिमय करून पुढील उपचारांची आखणी करणे बंधनकारक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू झाली.

कायद्यातील तरतूद प्रत्यक्षात उतरण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी औषध मिळणे, परतलेल्या रुग्णाकडे आशा कार्यकर्ती वा परिचारिका यांनी नियमित जाणे आणि गावाच्या आपत्ती आराखड्यात अशा व्यक्तींची गोपनीयता राखून नोंद असणे आवश्यक ठरते. निवाऱ्याचे वाटप शेजार न मोडता करणे व मदतीचा कालावधी महिन्यांऐवजी वर्षांत मोजणे या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या होत. घराच्या बांधकामाची पूर्तता मोजता येते. मनाच्या सावरण्यास तशी निश्चित मुदत नसते. त्यामुळे पुनर्वसनाचे यश शेवटचे घर सुपूर्त झाल्याच्या किंवा रुग्णाचे नाव नोंदवहीतून कमी झाल्याच्या तारखेवरून ठरत नाही, तर त्यानंतरही त्या व्यक्तीचे दार ठोठावणारे कोणी उरले आहे की नाही, यावरून ठरते.