पद कुणाच्या तोंडचं?

कर्नाटक संगीताच्या मैफलींना जाणाऱ्या माणसाने ‘वासुदेवयनि’ ही कल्याणी रागातली त्यागराजांची रचना कधी ना कधी ऐकलेली असते. गायक पल्लवी मांडतो, स्वरांची आतषबाजी करतो, मृदंगम् तापतो, सभा खूश होते. हे गाणं मुळात एका दारवानाचं आहे, हे मात्र त्या सभेत फार थोड्यांच्या ध्यानात असतं. ‘प्रह्लाद भक्ति विजयम्’ या त्यागराजांच्या गेय नाटकात दौवारिक, म्हणजे द्वारपाल, प्रवेश करतो तेव्हाचं हे पद. त्याचं काव रंगाचं धोतर, कपाळावरचं श्रीचूर्ण, हातातली सोन्याची काठी असा सगळा थाट चरणात वर्णिलेला आहे. मैफलीत धोतर-काठी दोन्ही गळून पडतात आणि नुसता कल्याणी उरतो.

मैफलीपुरतं हे ठीकच आहे. पण संगीत नाटकाच्या निवडचाचणीला आलेली मुलंमुलीही नेमकं हेच करतात. राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी एखादी संस्था ‘सौभद्र’ नाहीतर ‘मानापमान’ उभं करायला घेते, गाणाऱ्यांना बोलावणं जातं आणि जो तो आपलं सर्वांत तयारीचं, सर्वांत लांबलचक पद घेऊन हजर होतो. गळा कळतो. भूमिका कळत नाही.

या दुखण्यावरचा उतारा मला तिरुवैयारुत दिसतो. तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीकाठचं हे गाव. त्यागराज (1767–1847) इथे राहिले, इथेच समाधिस्थ झाले. त्यांच्या हयातीत तंजावरच्या गादीवर भोसले होते. दुसऱ्या सरफोजीराजांनी दरबारात गायला बोलावलं आणि त्यागराजांनी नकार दिला, अशी कथा आहे. निवडचाचणीलाच न गेलेला माणूस, असंही म्हणता येईल. दरवर्षी पौष वद्य पंचमीला समाधीपाशी शेकडो गायक-वादक मिळून त्यांची पंचरत्न कीर्तनं गातात. ते सारं भक्तिभावाने, एका सुरात. तिथे कुणी कुणाची भूमिका करत नाही.

याच गावात राहून त्यागराजांनी तेलुगूत नाटकंही लिहिली, हे आपल्याकडे कमी ठाऊक आहे. ‘प्रह्लाद भक्ति विजयम्’मध्ये 45 पदं आहेत, ‘नौकाचरित्रम्’मध्ये 21. ‘नौकाचरित्रम्’ची गोष्ट साधी आहे. गोपी कृष्णाला घेऊन यमुनेत नावेने निघतात. नाव आपणच चालवतो आहोत, कृष्णही आपल्याच मुठीत आहे, असा त्यांना गर्व होतो. मग वादळ येतं, नावेला भोक पडतं, तोंडचं पाणी पळतं. शेवटी शरणागती, सुटका आणि आनंद. नाव झोकात चालली असतानाचं सारंग रागातलं पद आणि सुटकेनंतर कृष्णाला चंदनाची उटी लावतानाचं पुन्नागवराळीतलं पद, ही दोन्ही आज मैफलींत स्वतंत्रपणे गायली जातात. दोन्हीकडे गोपी त्याच, कृष्ण तोच, आनंदही आहेच. पण पहिल्या आनंदाला तोरा आहे आणि दुसरा बुडता बुडता वाचल्यानंतरचा आहे. गोपीच्या भूमिकेसाठी यातलं कोणतं पद गावं, हे राग ठरवणार नाही. नाटकातल्या कोणत्या घडीची गोपी दाखवायची आहे, त्यावर ते ठरेल.

तंजावर जिल्ह्यातल्याच मेलट्टूरला ही जाण परंपरेतच मुरलेली आहे. नरसिंह जयंतीच्या सुमारास तिथे भागवतमेळा रंगतो, मेलट्टूर वेंकटराम शास्त्रींची नाटकं होतात आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. प्रत्येक पात्र प्रवेश-दरु घेऊन येतं. दरु म्हणजे नाटकातलं पद. कोण आलं, कसं चालतं, किती गुर्मीत आहे, हे त्या एका पदात प्रेक्षकाला कळायला हवं. हिरण्यकशिपूचा प्रवेश आणि त्याच्या राणीचा, लीलावतीचा, प्रवेश यांत गळ्याच्या तयारीचा फरक नसतो, माणसाचा असतो. निवडचाचणीचं पदही असं प्रवेशाचं पद समजून निवडावं, एवढंच माझं म्हणणं आहे. दारातून आलात, तर कोण म्हणून आलात?

आपल्याकडचा याचा सर्वांत चोख नमुना ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक 1967 साली आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन प्रतिस्पर्धी गवयांसाठी दोन चालींत आहे. सालगवराळीतली संथ चाल पंडितजींच्या गायकीची, धानीतली चपळ चाल खाँसाहेबांच्या. शब्द तेच असून माणूस बदलतो. खाँसाहेबांच्या भूमिकेसाठी गाणाऱ्याने वसंतराव देशपांड्यांची तान हुबेहूब उतरवली तर टाळ्या मिळतील. पण समोर बसलेला दिग्दर्शक त्या तानेमागची ईर्षा शोधत असतो.

मग त्या भूमिकेचंच पद गावं का? माझ्या मते पहिल्या फेरीत नको. सुभद्रेसाठी सुभद्रेचंच गाजलेलं पद म्हटलं की परीक्षकांच्या कानात आधीच चार आवाज वाजत असतात आणि तुमचा पाचवा ठरतो. त्याच स्वभावाचं दुसऱ्या नाटकातलं पद काढावं. ‘सौभद्र’च्या कृष्णासाठी जात असाल तर मिश्कील, समोरच्याला खेळवणारं पद हवं. तिथे भारदस्त भक्तिपद आळवून बसलात तर आवाज कितीही गोड असो, कारस्थानी कृष्ण त्यात सापडणार नाही. ‘मानापमान’च्या धैर्यधराला फेक लागते. आणि ‘एकच प्याला’च्या सिंधूसाठी (हे मी जरा जोर देऊन सांगतो) तानांचा हात आखडता घ्यावा. बालगंधर्वांना त्या भूमिकेत वन्समोर मिळत असत हे खरं, पण ते बालगंधर्व होते. भूमिकेचं मूळ पद तयार असावंच. आवडलात तर दुसऱ्या फेरीत तेच मागतील.

पट्टीचा घोळ तर नेहमीचाच. ‘सौभद्र’, ‘मानापमान’सारखी जुनी नाटकं लिहिली गेली तेव्हा स्त्रीभूमिका पुरुष करत. त्या काळच्या ध्वनिमुद्रिका ऐकून आजच्या मुलीने आपली पट्टी ठरवू नये. एक साधी परीक्षा घरीच करता येते. पदाच्या आधीची दोन-तीन वाक्यं नाटकातल्यासारखी मोठ्याने बोला आणि न थांबता पद उचला. बोलताना एक बाई आणि गाताना भलतीच बाई असं वाटलं, तर पट्टी चुकली आहे. काळी पाचचा हट्ट सोडून काळी तीनवर आलात म्हणून कुणी गुण कापत नाही. संगीत नाटकात पद संवादाच्या पोटातून येतं आणि तो सांधा दिसला की जाणकार परीक्षक कान टवकारतात. म्हणून निवडचाचणीलाही आधीची दोन वाक्यं बोलूनच पद सुरू करावं. ऑर्गनवाल्याशी सुराची खूण मात्र आधी करून ठेवा.

आता जी गोष्ट कुणी करत नाही ती. साकी किंवा दिंडी म्हणा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, त्यात साक्या-दिंड्या भरपूर होत्या. रागदारीचा पसारा नाही, तालाचा बडेजाव नाही. शब्द स्पष्ट यायला हवा आणि त्यामागचा माणूस उभा राहायला हवा. ज्याला बोलता येत नाही त्याला साकी म्हणता येत नाही. याच साकी, दिंडी, ओव्या, अभंग मराठी कीर्तनकारांबरोबर तंजावरला गेले. तिथे रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तनं ऐकून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं वळण दिलं आणि हे मराठी छंद तमिळ कथेकऱ्यांच्या गळ्यात जाऊन बसले. कथेकऱ्याला एकट्याने राजा, राणी, राक्षस सगळं व्हायचं असतं. त्याने नेमके हे छंद उचलले यात नवल नाही. आपल्या नाट्यसंगीताच्या मैफलींतून मात्र ते जवळजवळ हद्दपार झाले, कारण त्यांत तान मारायला जागा नसते.

तंजावरकडून आणखी एक सामान उसनं आणता येईल, निदान वाचून तरी पाहावं. तंजावरच्या शहाजीराजांनी (राज्यकाळ 1684–1712) मराठीत नाटकं लिहिली. मराठी रंगभूमीची सुरुवात मानल्या जाणाऱ्या ‘सीतास्वयंवर’च्या कितीतरी आधीची ही मराठी नाटकं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांच्या रूपाने टिकली आहेत. सरफोजीराजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त तर कुरवंजीण, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, पदांमधून जगाचा भूगोल सांगते. देशांची नावं गाऊन दाखवतानाही ती बाई ठसकेबाज राहिली पाहिजे! गाणाऱ्या नटीची याहून कडक परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

वेळेचं म्हणाल तर मुखडा, एक अंतरा, परत मुखडा, बस. आलापाने सुरुवात करू नका, परीक्षकांनी सकाळपासून असे पुष्कळ आलाप ऐकलेले असतात. दुसरं पद अगदी उलट स्वभावाचं ठेवा. पहिलं रुसव्याचं असेल तर हे खट्याळ. दोन्हींची पट्टी आणि ताल चिठ्ठीवर लिहून साथीदारांना द्या. मध्येच थांबवलं तर तोंड पाडू नका. बहुतेक वेळा त्यांना हवं ते मिळालेलं असतं आणि पुढची सूचना असते, ‘हे पान वाचून दाखवा.’ ते पान अपेक्षेने आधीच चार वेळा मोठ्याने वाचून गेलेले उमेदवार लगेच ओळखू येतात.