एका धाग्यावरचे राष्ट्र

नकाशाची वही उघडा आणि प्रशांत महासागरात न्यूझीलंडच्या ईशान्येस बोट ठेवा. तेथे काही बारीक ठिपके दिसतील. तेच टोंगाचे राज्य. सुमारे 170 बेटे, त्यांतील बहुतेक निर्जन, आणि लोकवस्ती अवघी एक लाखाच्या आसपास. नुकुआलोफा ही त्याची राजधानी.

या राजधानीपासून साधारण 65 किलोमीटरवर हुंगा टोंगा-हुंगा हापाई नावाचा समुद्रातला ज्वालामुखी आहे. 15 जानेवारी 2022 रोजी त्याचा प्रचंड स्फोट झाला. तो आवाज हजारो किलोमीटर दूर असलेल्या अलास्कापर्यंत पोहोचला. पण टोंगातल्या माणसांचा आवाज मात्र जगाला ऐकू येईना! दूरध्वनी लागत नव्हते, इंटरनेट बंद होते. परदेशी राहणाऱ्या हजारो टोंगावासीयांना आपले आईवडील जिवंत आहेत की नाहीत, हेही कळण्यास मार्ग उरला नाही. असे का झाले? याचे अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धे बाजारातल्या साध्या हिशेबात. दोन्ही पाहू.

काचेतून धावणारा प्रकाश

टोंगा आणि फिजी यांच्यामध्ये समुद्राच्या तळावर 827 किलोमीटर लांबीची एक केबल टाकलेली आहे. ती 2013 साली सुरू झाली. खोल समुद्रात अशी केबल बागेला पाणी घालण्याच्या रबरी नळीएवढीच जाड असते. तिच्या पोटात केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. आपले बोलणे, चित्रे, पत्रे या सर्वांचे रूपांतर प्रकाशाच्या उघडझापीत करून ती या तंतूंतून पाठवतात.

प्रकाश तंतूच्या बाहेर का निसटत नाही? पूर्ण आंतरिक परावर्तन तुम्ही शिकला असालच. तंतूच्या गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या थरापेक्षा थोडा अधिक असतो. त्यामुळे तिरपा येणारा किरण बाहेर न पडता पुन्हा आत वळतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 2,00,000 किलोमीटर असतो. म्हणजे फिजीला पोहोचण्यास त्याला सेकंदाचा साधारण अडीचशेवा भाग लागतो.

काच कितीही शुद्ध असली तरी प्रकाश हळूहळू क्षीण होतोच. शंभर किलोमीटर गेल्यावर त्याचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो. म्हणून लांबच्या केबलीत ठरावीक अंतरावर प्रकाश वाढवणारी यंत्रे बसवतात आणि त्यांना लागणारी वीज तंतूंभोवतीच्या धातूच्या आवरणातून पुरवतात.

समुद्राखालचा लोंढा

स्फोटातून वर उडालेली राख व दगड पुन्हा समुद्रात कोसळले आणि पाण्यात मिसळून त्यांचा जड लोंढा समुद्राच्या तळावरून धावत सुटला. तो 100 किलोमीटरहून दूर गेला. त्याने फिजीकडे जाणारी केबल तोडलीच, शिवाय टोंगाच्या बेटांना आपापसांत जोडणारी दुसरी केबलही तोडली. गंमत अशी की, केबली कोणत्या क्षणी बंद पडल्या याची नोंद होती. त्यावरून शास्त्रज्ञांनी पुढे लोंढ्याचा वेग काढला. तो ताशी 122 किलोमीटरपर्यंत भरला!

समुद्राच्या तळाशी केबल कोठे तुटली हे कसे शोधतात? किनाऱ्यावरून प्रकाशाचा एक स्पंद पाठवतात. त्यातला थोडा प्रकाश तुटलेल्या टोकावरून परत येतो. त्याला लागलेला वेळ मोजला की अंतर कळते. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून खोली काढावी, तसाच हा प्रकार. मधल्या प्रकाशवर्धक यंत्रांमुळे लांबच्या भागासाठी जरा निराळी युक्ती लागते, पण तत्त्व तेच. मुख्य केबल नुकुआलोफापासून सुमारे 37 किलोमीटरवर तुटल्याचे आढळले.

पण जागा सापडली म्हणजे केबल जुळली असे नव्हे. दुरुस्तीचे जहाज यायचे होते ते पापुआ न्यू गिनीतील पोर्ट मोर्सबी बंदरातून. ते आल्यावर 22 फेब्रुवारी 2022 रोजी मुख्य केबल पुन्हा सुरू झाली. पाच आठवडे गेले. हापाई व वावाऊ या बेटांकडे जाणाऱ्या केबलीसाठी तर नवी केबल तयार करून आणावी लागली. त्यात सुमारे दीड वर्ष लोटले.

दुसरा धागा का नव्हता?

आपल्या मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून अनेक केबली येतात. एक तुटली तर संदेश दुसरीवरून जातात. मग टोंगाने दोन केबली का टाकल्या नाहीत?

आता हिशेब करा. टोंगा-फिजी केबलीला सुमारे 3 कोटी डॉलर खर्च आला. एक लाख लोकांत तो वाटला तर माणशी 300 डॉलर. हाच खर्च एक कोटी लोकांच्या देशात माणशी अवघे 3 डॉलर पडला असता. समुद्र काही लोकसंख्या पाहून आपली रुंदी कमी करत नाही. म्हणूनच या केबलीसाठी जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांना मदत द्यावी लागली.

दुसऱ्या केबलीला पुन्हा तसाच खर्च. गिऱ्हाईक मात्र तेच एक लाख. खाजगी व्यापाऱ्याला त्यात नफा कोठून दिसणार?

टोंगात लोकांना दूरध्वनीची सेवा विकणाऱ्या कंपन्या दोन होत्या: सरकारी टोंगा कम्युनिकेशन्स आणि खाजगी डिजिसेल. दोघींत चढाओढ होती, परंतु परदेशाशी बोलायचे तर दोघींचा मुख्य रस्ता त्या एकाच केबलीतून जात होता. गावात पाणी विकणारे दोघे असले आणि विहीर एकच असली, तर ती आटल्यावर दोघांच्याही घागरी रित्याच राहणार. चढाओढीने भाव उतरतो, पण विहिरी वाढतातच असे नाही.

याची पहिली सूचना आधीच मिळाली होती. जानेवारी 2019 मध्ये ही केबल तुटली तेव्हाही जवळजवळ दोन आठवडे देशाचे हाल झाले. तेथील कित्येक घरे परदेशातील नातलगांनी पाठवलेल्या पैशांवर चालतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक-तृतीयांशाहून अधिक रक्कम अशी येते. त्यामुळे तार तुटली की केवळ गप्पा थांबत नाहीत, चुलीवरही परिणाम होतो.

आकाशातला रस्ता

उपग्रह हा दुसरा मार्ग. 2022 मध्ये काही दिवसांनी थोडे दूरध्वनी सुरू झाले ते उपग्रहामार्फतच. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत 72,000 किलोमीटरचा प्रवास होतो व जवळजवळ पाव सेकंद लागतो. उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद. शिवाय केबलीच्या मानाने त्याची क्षमता थोडी आणि दर महाग. अलीकडे सुमारे 550 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांमुळे हा विलंब खूपच कमी झाला आहे. त्या आपत्तीनंतर अशा उपग्रहांशी जोडणारी उपकरणे टोंगाला भेट मिळाली.

तेव्हा ध्यानात ठेवा: संदेशवहनाची व्यवस्था किती वेगवान आहे एवढेच पाहून चालत नाही. तिला दुसरी वाट आहे का, हेही पाहावे लागते. ती दुसरी वाट वर्षातले बहुतेक दिवस रिकामीच दिसते, आणि म्हणून तिचा खर्च वायफळ वाटतो. तिची खरी किंमत पहिली वाट बंद झाल्यावरच कळते.

आता एक गणित तुमच्यासाठी. किनाऱ्यावरून पाठवलेला स्पंद तुटलेल्या टोकावरून सेकंदाच्या हजाराव्या भागात परत आला, तर केबल किती अंतरावर तुटली असेल? उत्तर काढताना प्रकाशाला जाऊन परतही यायचे आहे, हे विसरू नका!