भूल देऊन व्यसन सुटते काय?

शिरूरच्या कोर्टाच्या आवारात मागे एक मावशी आमच्याकडे आल्या. राहणार दौंड. नवरा वारलेला, चार घरची धुणीभांडी करून संसार चालवलेला. मुलगा रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटावर कामाला, शिरूरला खोली करून राहणारा. ब्राऊन शुगरच्या दोन पुड्यांसह तो पकडला गेला होता. जामीन झाला होता, तारीख लागली होती. मावशींनी पिशवीतून घडी घातलेले एक पत्रक काढले. "वकीलसाहेब, ह्यात लिहिलंय, एका रातीत सुटतं म्हणून. दीड लाख मागत्यात. बचत गटाचं कर्ज काढते. पण व्यसन सुटलं की केसबी सुटंल ना?"

पत्रकावर डॉक्टरचे नाव नव्हते, नोंदणी क्रमांक नव्हता. मोबाईल नंबर तेवढा ठळक होता, आणि 'वेदनारहित' हा शब्द तीन वेळा छापला होता.

त्या शब्दाला माणूस का भुलतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. गर्द घेणाऱ्याला सोडायचे नसते असे नाही. त्याला भीती असते ती टर्कीची. गर्द बंद केला की काही तासांत नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे सुरू होते. झोप उडते आणि हे आठवडाभर चालते. निव्वळ त्या भीतीपोटी माणूस पुन्हा पुडीकडे वळतो. त्यामुळे तुला झोपवतो, उठशील तेव्हा सारे संपलेले असेल, असे कोणी सांगितले तर आईला तो देवदूतच वाटणार.

ही पद्धत काही भोंदूबाबाने काढलेली नाही. १९८० च्या दशकाअखेर युरोपात डॉक्टरांनीच ती सुरू केली. रुग्णाला पूर्ण भूल द्यायची आणि नॅलोक्सोन किंवा नॅलट्रेक्सोन हे औषध द्यायचे. हे औषध मेंदूतल्या ज्या जागांवर अफूचा अंमल बसतो, तिथून अफूला हुसकावून लावते. मग आठवडाभराची टर्की काही तासांत कोसळते आणि तेवढा वेळ रुग्ण बेशुद्ध असतो. कल्पना म्हणून ती चुकीची नव्हती. ती तपासली गेली तेव्हा मात्र फोल ठरली.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरांनी १०६ हेरॉईनग्रस्तांवर अभ्यास करून २००५ साली तो प्रसिद्ध केला. भूल दिलेले रुग्ण जागे झाल्यावर त्यांची टर्की इतरांपेक्षा कमी नव्हती. उपचारात टिकून राहण्याच्या बाबतीत, जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी ठेवून उतरवलेल्या रुग्णांपेक्षा ते सरस ठरले नाहीत. उलट भूल दिलेल्यांपैकी तिघांच्या जिवावर बेतले. २०१२ साली न्यूयॉर्कमधल्याच एका दवाखान्यात ७५ जणांवर हा उपचार झाला; दोघे दगावले, आणखी पाच जणांना गंभीर त्रास झाला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तर २००७ सालीच सांगून ठेवले होते की, पूर्ण भूल देऊन हा उपचार कोणालाही देऊ नये. बेशुद्धीत उलटी फुप्फुसात जाते, फुप्फुसात पाणी होते, हृदयाचे ठोके बिघडतात. सुसज्ज अतिदक्षता विभागातही हे होते. पत्रकवाल्याच्या खोलीत काय होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणि जो वाचला त्याचे काय? आमच्या मते खरा धोका पुढेच आहे. शरीर अफूपासून मोकळे झाले की जुना डोस पेलण्याची ताकद जाते. ओढ मात्र तशीच राहते. घरी परतलेला पोरगा जुन्या मित्रांत बसतो, नेहमीएवढाच माल घेतो, आणि श्वास थांबतो. टर्की उतरणे ही पहिली पायरी आहे. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, जे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले, टर्की उतरल्यावरही रुग्णाला काही आठवडे ठेवून घेतात, घरच्यांनाही बोलावतात, ते उगाच नाही.

आणखी एक फसवणूक. दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले, हे वाचकांना आठवत असेल. हे मेफेड्रोन, म्हणजे एमडी, अफूच्या जातीचे नाही. नॅलट्रेक्सोन देऊन भूल देण्याचा उपाय त्याच्यावर लागूच पडत नाही. तरीही 'दारू, गर्द, एमडी, सर्व व्यसने चोवीस तासांत' असे कोणी लिहीत असेल, तर तो एक तर अडाणी आहे किंवा लुटारू.

आता मावशींचा दुसरा प्रश्न. एन.डी.पी.एस. कायदा १९८५, कलम ६४-अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. हेरॉईनसाठी हे अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत धरतात. पण दोन अटी आहेत. उपचार शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या, अथवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात वा संस्थेत झाला पाहिजे, आणि तो पूर्ण झाला पाहिजे. अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. म्हणजे दीड लाख मोजून एका रात्रीचा जो कागद मिळणार होता, तो कोर्टात कवडीमोलाचा होता.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये व्यसनातून येणारे मानसिक आजारही येतात. अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने मनाई आहे. उपचाराचे धोके आणि दुसरे पर्याय सांगून संमती घेतली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ सालीच स्पष्ट केले आहे. भुलेच्या फॉर्मवर आईचा अंगठा घेतला म्हणजे ही संमती होत नाही.

एक बोचणारी गोष्ट सांगतो. मावशींना आम्ही विचारले, सरकारी दवाखान्यात का नाही नेले? म्हणाल्या, "वस्तीत कळंल." विहारात पाचवे शील आपण सगळेच म्हणतो. पण ते मोडलेल्या पोराकडे आपण ज्या नजरेने पाहतो, ती नजर चुकवण्यासाठीच ही माउली रातोरात होणारा इलाज शोधत होती. २०१९ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्समार्फत केलेल्या पाहणीचा अहवाल आला. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज असलेले देशात सुमारे ७७ लाख लोक निघाले. मग ते आपल्याच वस्तीत नाहीत, असे कसे मानायचे?

बचत गटाचे कर्ज आम्ही काढू दिले नाही. मुलाला मान्यताप्राप्त केंद्रात दाखल केले आणि कलम ६४-अ खाली अर्ज दिला. टर्की त्याने जागेपणी सोसली, गोळ्यांच्या आधाराने. दोनदा पळून जायचाही प्रयत्न केला. कोर्टाने केंद्राचा अहवाल मागवला आहे. मावशी दर तारखेला दौंडहून एसटीने येतात. मागच्या तारखेला केंद्राचा कागद त्यांनी त्याच पिशवीतून काढून आमच्या हातात दिला.