फोटोवरचे डाग आणि घरी बांधलेलं प्लगिन



सिंगापूरची हवा चामड्याच्या चपला, पापड आणि जुने फोटो या तिघांना सारखंच छळते. इथली सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. कॅमेरेवाले लोक लेन्ससाठी ड्राय कॅबिनेट घेतात, पण गावाहून आणलेला अल्बम मात्र आपण कपाटात कोंबतो आणि दोन वर्षांनी उघडतो. तोवर बुरशीने नक्षी काढलेली असते.

माझ्याकडे आजी-आजोबांचा एकच एकत्र फोटो आहे. रत्नागिरीच्या पावसाने सुरुवात केली आणि बाकीचं काम इथल्या दमट हवेने केलं. पार्श्वभूमीवर पन्नासेक डाग, एक आजोबांच्या कोटावर आणि एक नेमका आजीच्या नथीला लागून. आत्याला ८०व्या वाढदिवसाला तो मोठा करून द्यायचा होता. फोनवर ती एवढंच म्हणाली, "अरे, डाग काढ, पण आईला बदलू नकोस हो."

आता हत्याराविषयी. गिंप हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आपल्यापैकी बरेच जण वापरतात. बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहायला घेतलं. डाग भरण्यासाठी त्याचं एक जुनं, नावाजलेलं प्लगिन आहे: रिसिंथेसायझर. ते लिहिलं ऑस्ट्रेलियातल्या पॉल हॅरिसन यांनी, मोनॅश विद्यापीठातल्या पीएचडीच्या कामातून. फोटोशॉपमध्ये 'कंटेंट-अवेअर फिल' २०१० साली आलं, त्याच्या कितीतरी आधी हे चालू होतं!

ते करतं काय? रिकाम्या जागेतला एक ठिपका घेतं, त्याच्या शेजारचे ठाऊक असलेले ठिपके बघतं, फोटोत इतरत्र तसाच शेजार कुठे आहे ते शोधतं आणि तिथला ठिपका उचलून इथे ठेवतं. गोधडीला ठिगळ लावताना आजी त्याच रंगाचा तुकडा शोधायची ना, अगदी तसं.

मग ते घरी बांधायचं कशाला? कारण मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आलं. २.१० आलं होतं २०१८ मध्ये, म्हणजे जवळजवळ सात वर्षांनी मोठा बदल. आतली जोडणीच बदलली, त्यामुळे २.१० साठीची प्लगिनं ३.० मध्ये चालत नाहीत. माझ्या लिनक्सच्या भांडारात नवं तयार प्लगिन मिळालं नाही. तुम्ही गिंप फ्लॅटपॅकमधून घेतलं असेल तर आधी फ्लॅटहबवर बघा. तयार मिळालं तर पुढचे कष्ट वाचले. :-)

डेबियन किंवा उबंटूवर कृती साधारण अशी:

१) सामान. 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज घेतलं की सी भाषेचा कम्पायलर येतो. शिवाय गिट, मेसन आणि निंजा लागतात.

२) गिंपच्या हेडर फाईली. बहुतेक जण अडकतात ते इथेच. गिंप चालतंय म्हणजे हेडर आहेत असं नाही, त्या 'डेव्ह' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. आवृत्तीही जुळायला हवी. गिंप ३.० आणि हेडर २.० चे, हे जमत नाही.

३) सोर्स कोड. गिटने उतरवा आणि रीडमी आधी वाचा. त्यात कुठली शाखा कुठल्या गिंपसाठी ते दिलेलं असतं.

४) बांधणी. मेसन आधी सगळं सामान आहे का ते तपासतं आणि नसेल तर नाव घेऊन सांगतं. मग निंजा प्रत्यक्ष कम्पाईल करतं. पडद्यावर पन्नास ओळी आल्या तरी घाबरू नका, 'एरर' शब्द असलेली पहिली ओळ तेवढी वाचा. खालच्या बहुतेक तिच्याच लेकी-सुना असतात.

५) जागा. गिंप ३ मध्ये प्रत्येक प्लगिनला स्वतःचं फोल्डर लागतं आणि फोल्डरचं नाव प्रोग्रामच्या नावासारखंच हवं. फाईलला चालवण्याची परवानगीही हवी. यातलं एक चुकलं तरी मेनूत काही दिसत नाही. मग गिंप बंद करून पुन्हा उघडा.

आणखी एक गोष्ट मला आवडली. गिंपचं प्लगिन हा वेगळा प्रोग्राम म्हणून चालतो, त्यामुळे ते कोसळलं तरी सहसा गिंप कोसळत नाही, केलेलं काम वाचतं.

आता फोटोचं. पार्श्वभूमीचे डाग एकेक निवडून 'हील सिलेक्शन' लावलं. झकास! कोटावरचा डागही कळेनासा झाला. पण नथीपाशी प्लगिनने गालाची कातडी आणून बसवली आणि नथीचे दोन मोती गायब. त्याची तरी काय चूक? त्या फोटोत दुसरी नथच नव्हती, मग तुकडा आणणार कुठून? अशा प्रोग्रामला जे फोटोत आहे तेवढंच ठाऊक असतं, हरवलेलं त्याला परत आणता येत नाही. तिथला बदल मी मागे घेतला आणि डाग तसाच ठेवला. आत्याला दोन्ही प्रती पाठवल्या. तिने डागवालीच फ्रेम केली.

तेव्हा मंडळी, कपाटातले अल्बम या शनिवारी बाहेर काढा. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मूळ टिफ फाईल अजिबात न बदलता वेगळी ठेवा आणि प्रयोग प्रतीवर करा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅन करा. आणि फोटोतल्या माणसांची नावं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना आजच फोन लावा. त्यासाठीचं प्लगिन कुणी लिहिलेलं नाही.