मैदान रिकामे झाले, धंद्याचे काय?

अमेरिकेतील ओकलंड शहराचे ‘कोलिझियम’ हे मैदान १९६६ साली खुले झाले. १९६८ पासून ‘ॲथलेटिक्स’ हा बेसबॉल संघ तेथे खेळू लागला. चार वेळा त्याने अजिंक्यपद मिळवले.

बेसबॉलच्या एका हंगामात घरच्या मैदानावर ८१ सामने ठरलेले असतात. खाद्यपदार्थवाले, टोपी-शर्टवाले यांच्या कमाईचे तेवढे दिवस. मैदानात सुमारे ४७ हजार माणसे मावत. पण २०२३ साली सरासरी १० हजारच येत. ढोल बडवणारे निष्ठावंत मात्र हटले नाहीत. १३ जून २०२३ रोजी २७ हजारांवर प्रेक्षक जमले. ‘सेल’, म्हणजे ‘संघ विका’, असे छापलेले हिरवे शर्ट वाटण्यात आले. मालकाने ऐकले नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ४६,८८९ प्रेक्षकांसमोर तेथील शेवटचा सामना झाला.

शेजारच्या सभागृहातील बास्केटबॉल संघ २०१९ मध्ये, फुटबॉल संघ २०२० मध्ये आधीच गेला होता. आता बेसबॉल संघासाठी लास वेगासमध्ये ३३ हजार आसनांचे मैदान २०२८ साठी ठरले आहे. त्यास ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी मदत मंजूर आहे. ओकलंडने २०२४ मध्ये आपला अर्धा हिस्सा साडेबारा कोटी डॉलरला विकण्याचा करार केला.

आम्ही कापडवाले यातून एवढेच घेतो: एका बड्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर पेढी ठेवू नये. दुसरे गिऱ्हाईक चालत्या धंद्यातच जोडावे. बरकत अल्लाह देतो, तजवीज आपण करायची.